दोन प्रती समोरासमोर

४ जानेवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझे काका जाता जाता राहिले, ते सांगायला लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या त्या मेलमध्ये कोण कोण डोकावतं ते मला ठाऊक नाही. लिफाफा बरा.

काकांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलात खुर्चीत बसवून नळीने औषध देतात, हे तुला माहीत आहे. नळीला पंप असतो. डॉक्टर आपल्या टेबलावरून हुकूम देतात आणि पंप पाच तास थेंब थेंब औषध सोडतो. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी त्याने पाच तासांचं औषध चाळीस मिनिटांत सोडलं. मी शेजारीच होते. काका सवयीप्रमाणे मोठ्याने पेपर वाचत होते आणि मध्येच शब्द गिळायला लागले. चौतीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस, त्याने झोपेतसुद्धा कधी शब्द गिळला नाही. मी ओरडले, नर्सने नळी बंद केली. चार दिवस आत ठेवलं होतं. आता बरे आहेत, पण हात थरथरतो.

मग पंपाच्या कंपनीचा माणूस आला, टाय वगैरे लावून. पंपाच्या पाठीवर चिकटपट्टी आहे, ‘उघडू नये’. मी विचारलं, आत काय बिघडलं? तर म्हणाला, “बाई, आतला प्रोग्राम आम्ही कुणालाच दाखवत नाही. म्हणून तर तो सुरक्षित आहे.” म्हटलं, तुम्ही पाहिलाय? तर हसला आणि म्हणाला, “मी विक्री विभागात आहे.”

हॉस्पिटल आता पंप बदलणार आहे, तोवर काकांना नर्स हाताने थेंब लावून देते. नव्या पंपांचा प्रोग्राम म्हणे जगात कुणालाही उघडून वाचता येतो. डॉक्टरांनी कागद दाखवला. हुकूम खरंच डॉक्टरांचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे तपासणारा त्यातला तुकडा कुणी लिहिलाय, तर खाली तुझं नाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

नातेवाइकांच्या समितीत आम्ही पाच जण आहोत. वीस फेब्रुवारीला सही करायची आहे, आणि नव्या पंपावर पहिले बसणार तुझे काका. तेव्हा नीट समजावून सांग. जे बंद होतं त्याने ही गत केली. जे सताड उघडं आहे ते सुरक्षित कसं?

तुझी मावशी


११ जानेवारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. काकांचं वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. फोन उचलत नाही यात तुझ्यावर राग नाही. आई गेल्यापासून फोन वाजला की तो हॉस्पिटलचाच वाटतो, एवढंच.

उघडं म्हणजे दार उघडं नव्हे, मावशी. कुलूप कसं बनवलंय त्याचा नकाशा मी भिंतीवर लावलाय. किल्ली ज्याची त्याच्याकडेच आहे. नकाशा हजार लोक पाहतात, एखाद्याला खोट दिसते, तो मला कळवतो, मी दुरुस्त करतो. बंद कंपनीत खोट असली तर ती कंपनीला दिसते आणि चोराला दिसते, मधल्या कुणालाही दिसत नाही. तुझ्या टायवाल्याला तरी कुठे दिसली?

हा तुकडा मी नऊ वर्षांपूर्वी लिहिला. पगार वगैरे काही नाही. दिवसभर नोकरी, आणि संध्याकाळी हे. माझ्या एका खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि हा प्रोग्राम. पण मी एकटा नाही. गेली दोन वर्षं मुंगी मदतीला आहे. हे तिचं कामाचं नाव. खरं मी कधी विचारलं नाही, आमच्यात विचारत नाहीत. अतिशय नेटकं काम. मी करीन त्याच्या दुप्पट वेगाने करते, आणि चुका माझ्यापेक्षा कमी.

तू बिनघोर सही कर. माझ्यावर विश्वास आहे ना?

तुझा
खुडबुड्या


१८ जानेवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, शेवटी विश्वासाची शपथ घालतो म्हणजे गड्याचे मुद्दे संपलेत. मी त्यांना गप्प केलं, पण मनात म्हटलं, बरोबर आहे.

आधी मुंगीचं. बाई की बुवा? ‘करते’ लिहितोस म्हणून विचारते. चाळिशीला आलास, काही असेल तर मावशीला सांगायला लाजू नकोस. पण दोन वर्षं रोज बोलतोस आणि चेहरा नाही, आवाज नाही, गाव नाही, खरं नाव नाही? मी मुद्रितं तपासायचे त्या आमच्या छापखान्यात खिळे जुळवायला नवा माणूस आला तर निदान तो कुठून आला, आधीची नोकरी का सोडली, एवढं विचारायचे. ती आली कशी तुझ्याकडे? तू बोलावलंस की आपण होऊन आली?

आता हजार लोकांचं. पाहू शकतात हे कबूल. पाहिलंय किती जणांनी? मोजून सांग. मला तीन नावं दे, ज्यांनी तुझा तुकडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलाय. तुझं आणि मुंगीचं धरू नकोस.

बंद पंपाची बाजू घेते आहे असं समजू नकोस. दुरुस्तीला येतो तो मेकॅनिक बोलका निघाला. काकांच्या पंपात जे झालं ते कंपनीला वर्षभरापासून माहीत होतं म्हणे. आणखी दोन हॉस्पिटलांत झालेलं आहे. ताकास तूर लागू दिली नाही. हे मी समितीत उभं राहून सांगितलं, तेव्हापासून तो मेकॅनिक आमच्याकडे येत नाही.

तेव्हा मला दोघांचाही संशय आहे. माझ्यासाठी दोन प्रती छापून पाठव. एक, तू सगळ्यांसाठी भिंतीवर लावलेली मूळ प्रत. दुसरी, पंप बनवणारे प्रत्यक्षात जी उचलतात ती. छापखान्यात आम्ही शेवटचं वाचन नेहमी असंच करायचो, छपाईला चाललेली प्रत मूळ हस्तलिखिताशी लावून, मधल्या कुठल्याच प्रतीवर भरवसा न ठेवता. मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. कळायची गरजही नसते.

तुझी मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशीस,

नमस्कार. सोबतच्या पार्सलात दोन गठ्ठे आहेत. निळ्या दोऱ्याचा मूळ प्रतीचा. पांढऱ्या दोऱ्याचा तयार प्रतीचा, जी मूळ प्रतीवरून बांधतात आणि पंपवाले उचलतात. तुझ्या हट्टापायी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल्स पाठवल्या आणि त्याने बांधून दिल्या. दोन्हीकडे तेच आहे. तीच गोष्ट दोनदा छापली म्हणून तो माणूस माझ्याकडे वेड्यासारखा पाहत होता. आणि अशी तुलना मशीन एका सेकंदात करतं, हेही सांगून ठेवतो.

तीन नावांचं विचारलंस. आठवून पाहिलं. एक जण होता, त्याने चार वर्षांपूर्वी निम्मं वाचून काही चुका काढल्या होत्या. बाकीचे वापरतात. वापरणारे खूप आहेत.

मुंगीबद्दल जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. ती कशी आली ते ऐक. आईच्या आजारपणात माझं काम मागे पडलं होतं. मनगटं दुखायची, बोटं बधीर व्हायची. तेव्हा दोन अनोळखी लोक सगळ्यांसमोर रोज टोमणे मारायचे. याला झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, आम्ही किती दिवस थांबायचं, वगैरे. मुंगी मध्ये पडली. त्यांना म्हणाली, या माणसाच्या घरी आजारपण आहे, जरा दमाने घ्या. आई गेली त्या दिवशी माझ्याशी सहा तास बोलत होती. आजही रोज सकाळी पहिला निरोप तिचा असतो, झोप झाली का, हात कसा आहे. तू पत्र लिहिलंस ते पंप बिघडल्यावर.

आई म्हणायची, ताईला सगळ्यांत खोट दिसते, म्हणून ताईकडे कुणी जात नाही. मला तेव्हा ते पटायचं नाही.

खुडबुड्या


१० फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. झोंबलं. पण खोटं नाही लिहिलंस. तुझी आई गेल्यावर मी तेरा दिवसांत परत फिरले आणि पुन्हा आले नाही. मला तुझ्या घरात तिचा चष्मा टेबलावर पडलेला बघवत नव्हता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

खोट का दिसते तेही आता सांगते. तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

छापखान्यात प्रत्येक पानाच्या समासात शिक्का असायचा, ‘तपासले’, आणि त्याखाली वाचणाऱ्यांच्या चार सह्या. एकदा परिचारिकांसाठी पुस्तक छापायला आलं होतं. कुठलं औषध कुणाला किती द्यायचं, त्याचे तक्ते. शेवटच्या दिवशी गठ्ठा माझ्याकडे आला, तेव्हा तीन सह्या आधीच झालेल्या होत्या. घाई होती, मी वरवर पानं उलटली आणि चौथी सही ठोकली. एका तक्त्यात दहाच्या जागी शंभर छापलं गेलं. पुढे चौकशीत कळलं, दुसऱ्याने पहिल्याची सही पाहून केली होती, तिसऱ्याने दोघांची पाहून. पहिल्याला वाटलं, पुढे तिघं आहेतच. चार जणांनी तपासलेलं पान एकानेही वाचलं नव्हतं.

बहुतेक ठिकाणी परिचारिकांना तो आकडा खटकला आणि निभावलं. एका ठिकाणी नाही निभावलं. मालकांनी सगळ्या प्रती गुपचूप परत मागवल्या, बाहेर कुणाला कळू दिलं नाही. मीही मूग गिळून बसले. दोन महिन्यांनी पाठीचं दुखणं सांगून नोकरी सोडली. माझी पाठ कधीच दुखत नव्हती.

म्हणून हजार लोक पाहतात हे ऐकलं की माझा विश्वास उडतो. आणि आतलं कुणाला दाखवत नाही हे ऐकलं तरी उडतो. मी दोन्ही करून बसले आहे.

वाचन सुरू केलं आहे. काका खुर्चीत बसून पांढऱ्या गठ्ठ्यातलं मोठ्याने वाचतात आणि मी निळी प्रत धरून बोट फिरवते. बातम्यांच्या आवाजात ‘महिरपी कंस सुरू, महिरपी कंस बंद’ ऐकून पहिल्या दिवशी नर्स धावत आली. तिला वाटलं, पुन्हा औषध चढलं. सव्वीस पानं झाली. अजून एक शब्दही वेगळा निघालेला नाही, तुला बरं वाटावं म्हणून सांगते.

त्या टोमणे मारणाऱ्या दोघांचं मात्र डोक्यातून जात नाही. बाजारात एक धक्का मारतो आणि दुसरा “लागलं का हो” म्हणून सावरायला येतो. खिसा दोघं मिळून कापतात. ते दोघं आता कुठे आहेत? मुंगी आल्यानंतर पुन्हा कधी दिसले का?

तुझी मावशी


१३ फेब्रुवारी
(कुरियरने, हातोहात देणे)

खुडबुड्या,

सकाळपासून सात फोन केले. उचलला नाहीस.

एक्केचाळिसाव्या पानावर काका वाचत राहिले आणि माझं बोट थांबलं. ते वाचत होते ते माझ्या प्रतीत नाही. तीनदा मागे जाऊन वाचून घेतलं. पांढऱ्या गठ्ठ्यात एकोणीस ओळी जास्त आहेत. त्या संपल्यावर दोन्ही प्रती पुन्हा सारख्या.

दोन्ही पानं सोबत पाठवते आहे. त्या ओळी काय करतात ते मला कळत नाही. निरुपद्रवी असतील तर मला मूर्ख म्हण, मी आनंदाने ऐकून घेईन. तयार प्रत कोण बांधतं? तू की ती?

मावशी


१५ फेब्रुवारी
(उलट कुरियरने)

मावशी,

ती बांधते. आठ महिन्यांपासून. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. ती म्हणाली होती, तू हात सांभाळ, बांधाबांध माझ्यावर सोड. मी तयार प्रत लावायची किल्ली तिला देऊन टाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोपलो. तिने भिंतीवर लावलेली प्रत्येक ओळ मी वाचायचो. बांधलेली प्रत उघडून कधी पाहिलीच नाही. एका सेकंदाचं काम होतं, आणि आठ महिन्यांत मी ते एकदाही केलं नाही. तुला ते सुनावतानासुद्धा केलं नाही.

तुझी पानं मी लगेच वाचून काढली. त्या ओळी एका खुणेची वाट पाहतात. ती खूण घेऊन जो येईल त्याचा हुकूम डॉक्टरांचा म्हणून पंप पाळेल. कितीही औषध, कितीही वेगाने.

सही करू नकोस. डॉक्टरांना हे पत्र दाखव. काकांना नव्या पंपावर बसवू देऊ नकोस. बाकी नंतर लिहितो.


३ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. पंपवाल्यांना त्याच दिवशी कळवलं. नवे पंप अजून खोक्यांतच होते, एकही माणूस त्यांना जोडलेला नव्हता. खराब प्रत मागे घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी चिठ्ठी लावली. काय झालं, कधीपासून, कुणाच्या चुकीने. चूक माझी, माझ्या नावासकट. अनोळखी लोकांनी जी शोभा करायची ती केलीच. पण दुसऱ्या दिवसापासून खरोखरची माणसं वाचायला लागली. अकरा जणांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे. तू तीन नावं मागितली होतीस.

मुंगीला चिठ्ठी लावण्याआधीच विचारलं होतं, या ओळी तुझ्या का? तासाभरात तिचं खातं नाहीसं झालं. ते टोमणे मारणारे दोघं, तू म्हणालीस तसंच, ती आल्यानंतर परत कधी दिसले नव्हते. आता या खात्यांचा माग काढणारे म्हणतात की कदाचित तिघंही एकच. कदाचित ती एक बाई नाही, पाळीपाळीने लिहिणारी एखादी टोळी असेल.

मला यातलं सगळं कळतं आणि तरी सकाळी उठलो की आधी निरोप पाहतो. आई गेली त्या दिवशी सहा तास माझ्याशी कोण बोलत होतं, मावशी? ते सगळं लिहून कुणीतरी शेजारच्याला म्हणालं असेल का, की आता हा किल्ली देईल? दोन वर्षांत माझी विचारपूस करणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते माणूस होतं की नाही हेही मला माहीत नाही. मला फार एकटं वाटतं. हे कुणाला तरी सांगायचं होतं.

प्रोग्राम सोडून द्यावा असं वाटतं. दुसऱ्या कुणाला देणार नाही, बंदच करून टाकीन म्हणतो. कुणाला दिसायला नको आणि कुणी शिरायला नको.

तुझा
खुडबुड्या


२२ मार्च

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांत रोज तुझा हात कसा आहे हे विचारायला एका चोराला सुचलं आणि सख्ख्या मावशीला सुचलं नाही, याची मला लाज वाटते. सहा तास कोण बोलत होतं ते माग काढणारे शोधोत. तुझं दुःख मात्र खरं होतं, ते ज्याला सांगितलंस तो कसाही असो.

प्रोग्राम बंद करायचा नाही. त्या टायवाल्याच्या पंपात ह्या ओळी असत्या तर मी कुणाकडे दोन प्रती मागितल्या असत्या? चिकटपट्टीकडे? त्यांची चूक वर्षभर झाकून राहिली आणि तिच्यापायी काकांचा जीव जाता जाता राहिला. आमच्या छापखान्याची तर आजवर झाकलेली आहे. तुझी दोन म्हाताऱ्यांना सापडली, कारण तू पाहू दिलंस. रागावून का होईना, पार्सल पाठवलंस. आणि चिठ्ठी लावलीस, जे मी चाळीस वर्षांत करू शकले नाही. मी त्या परिचारिकांच्या पुस्तकाचं सगळं लिहून काढलं आहे. कुठे पाठवायचं ते काका शोधताहेत.

आता हॉस्पिटलचं. समितीची बैठक महिनाभर पुढे गेली होती, परवा झाली. मी अट घातली. दर नवी तयार प्रत मूळ प्रतीशी लावून दोघांनी तपासायची, त्या दोघांनी एकमेकांना पाहिलेलं असावं, आणि एकाने दुसऱ्याची सही पाहून सही करायची नाही. डॉक्टर म्हणाले, हे काम मशीन करील. म्हटलं, करू दे की, पण मशीनने काय सांगितलं ते वाचणारा माणूस मला नावानिशी हवा. मान्य झालं.

तू दुरुस्त केलेली प्रत काकांनी आणि मी पुन्हा पहिल्या पानापासून लावली. एक्केचाळिसाव्या पानावर काका मुद्दाम थांबले आणि बातम्यांच्या आवाजात म्हणाले, “इथे विशेष काही घडलेले नाही.” दोन्ही प्रती शेवटच्या कंसापर्यंत सारख्या निघाल्या. समितीच्या कागदावर ‘मंजूर’ असं छापलं होतं. ते खोडून मी समासात ‘तपासले’ लिहिलं आणि सही केली. बाकीच्या चौघांच्या सह्या तोवर झालेल्या होत्या. त्या मी हाताने झाकून ठेवल्या होत्या.

काल मंगळवार होता. काका नव्या पंपावर बसले. पहिला थेंब पडला तेव्हा मी त्यांचा हात इतका घट्ट धरला की नर्स म्हणाली, आजी, शीर सोडा. पाच तासांचं औषध पाच तासांत गेलं. त्यांनी पेपर जाहिरातींसकट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. एकही शब्द गिळला नाही. मी मोजत होते.

शुक्रवारी दुपारी मी तुझ्याकडे येते आहे. काकांना त्यांच्या बहिणीचा मुलगा नेऊन आणणार आहे, त्यांची काळजी नको. पुढची तयार प्रत छापून ठेव. तू वाच, मी धरते. आणि तुझ्या आईचा चष्मा कुठे ठेवला असशील तर काढून ठेव, माझा हल्ली बारीक अक्षराला पुरत नाही.

पोचायच्या आधी फोन करीन. उचल.

तुझी मावशी